कॉलेज बदलताय? मग क्रेडिटचा हिशोब आधी स्वतः करा

मावसबहिणीचं एफवाय चालू होतं, बीए इकॉनॉमिक्स, चर्चगेटच्या बाजूचं एक ऑटोनॉमस कॉलेज, आणि मधेच चाळीचं रिडेव्हलपमेंट सुरू झालं म्हणून मावशी लालबागहून बदलापूरला भाड्याने गेली. सव्वासातचं पहिलं लेक्चर. पाचच्या आसपासची लोकल पकडायची, दादरला उतरायचं, ब्रिजवरच्या गर्दीतून वेस्टर्नला यायचं, परत चर्चगेट. आख्खं सेकंड सेम तिने असंच काढलं आणि एप्रिलमध्ये मला फोन करून म्हणाली, ताई बस झालं आता, मला एसवायला कल्याण-डोंबिवलीकडे कुठेतरी टाक.

मलाही वाटलं फॉर्म भरला की झालं. जुन्या कॉलेजात जो भेटेल तो एकच सांगत होता, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन बँकेचा नंबर) आहे ना, मग क्रेडिट आपोआप जातात. आपोआप काही जात नाही हो. ४४ पैकी ४० धरली, ४ राहिली, आणि ती ४ का राहिली हे कळेपर्यंत आमच्या तीन फेऱ्या झाल्या. तेव्हा जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांसाठी आहे हे. इंजिनीअरिंग, फार्मसी, लॉ यांचे नियम वेगळे, बीएमएस-बीबीए-बीसीए पण २०२४ पासून सीईटीत गेलेत, त्यांनी यावर विसंबून काही करू नका.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते, कारण फर्स्ट इयरच्या अर्ध्या पोरांना अजून ते मार्कच वाटतात. थिअरीचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट, प्रॅक्टिकल असेल तर ३० तासांचं १. मुंबई युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांत नवीन एज्युकेशन पॉलिसी २०२४-२५ पासून आली, ऑटोनॉमसवाल्यांकडे त्याच्या एक वर्ष आधी. त्यात एका सेमला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या डिग्रीला १३२ आणि चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर १७६. पेपरमध्ये ८० पडले काय किंवा ४२ पडले काय, पास झालात की क्रेडिट तेवढीच मिळतात, मार्कांचा फरक ग्रेड आणि सीजीपीएमध्ये दिसतो.

आता पहिलं काम, घरबसल्या होणारं. डिजीलॉकर उघडा आणि एबीसी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, त्यात तुमचा १२ आकडी आयडी आहे का ते बघा. हल्ली त्यालाच अपार आयडी म्हणतात. नसेल तर तिथेच पाच मिनिटांत निघतो. पण आयडी असणं वेगळं आणि आत क्रेडिट दिसणं वेगळं! ही बँक असली तरी भरणा तुम्ही करू शकत नाही, मार्कशीट स्कॅन करून टाकली असं चालत नाही, क्रेडिट फक्त संस्थाच चढवते. आम्ही उघडलं तर आत सेम वनची क्रेडिट होती आणि सेम टूच्या जागी भोपळा. का, तर आधारवर नाव "नाव, वडील, आडनाव" असं आणि कॉलेजच्या रेकॉर्डला आडनाव पहिलं, शेवटी आईचं नाव, आणि वर स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. सेम वनला कोणीतरी हाताने जुळवलं असणार, सेम टूला सिस्टीमने सरळ बाजूला काढलं. आडनाव पहिलं असणं हा आपल्याकडचा जुना प्रकार, तेवढ्याने सहसा अडत नाही, स्पेलिंगने अडतं. म्हणून आधार, बारावीची मार्कशीट आणि कॉलेजची मार्कशीट अशी तिन्ही समोर ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, आणि चूक असेल तर जुन्या कॉलेजात विद्यार्थी असतानाच अर्ज द्या. एकदा नाव काढून घेतलंत की त्या खिडकीवर तुमचं ऐकणारं कोणी नसतं.

आणखी दोन गोष्टी या बँकेच्या. क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात, म्हणजे मधे नोकरी, बाळंतपण, घरचं आजारपण काहीही झालं तरी तेवढ्या वेळात परत येता येतं. आणि २०२१ च्या यूजीसीच्या नियमात असं आहे की ज्या संस्थेकडून डिग्री घ्यायची तिथे किमान ५० टक्के क्रेडिट कमवायला लागतात. याचा हिशोब करा जरा. टीवायला दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायचं म्हटलं तर ८८ क्रेडिट इथली आणि तिथली फक्त ४४, म्हणजे तिसरा हिस्सा, बसतच नाही. त्यामुळे युनिव्हर्सिटी बदलायची असेल तर एफवाय संपल्यावरच बदला.

दुसरं काम, तुमचा बदल नक्की कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा, कारण पुढची सगळी कागदपत्रं त्यावर ठरतात. मुंबई युनिव्हर्सिटीच्या एका संलग्न कॉलेजातून दुसऱ्या संलग्न कॉलेजात हा सगळ्यात सोपा, सिलॅबस तोच, पीआरएन म्हणजे युनिव्हर्सिटीचा कायमचा नोंदणी नंबर तोच, फक्त ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट लागतं. ऑटोनॉमसमधून संलग्न किंवा उलट, तिथे डिग्री शेवटी मुंबई युनिव्हर्सिटीचीच असते पण सिलॅबस आणि परीक्षा कॉलेजची स्वतःची, त्यामुळे विषय जुळवणं आलं. आणि तिसरा प्रकार दुसरी युनिव्हर्सिटी, तिथे मायग्रेशन सर्टिफिकेट (जुनी युनिव्हर्सिटी सोडल्याचा दाखला) आणि एलिजिबिलिटी (तुम्ही पात्र आहात अशी नव्या युनिव्हर्सिटीची मान्यता) दोन्ही.

या तिसऱ्या प्रकारात मुंबईची पोरं हमखास फसतात ती नावांमुळे. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही कॉलेजं आपल्या आईवडिलांच्या डोक्यात अजून मुंबई युनिव्हर्सिटीचीच आहेत, पण ती आता डॉ. होमी भाभा स्टेट युनिव्हर्सिटीत आहेत. केसी आणि एचआर एचएसएनसी युनिव्हर्सिटीत. बिल्डिंग तीच, गेट तेच, बाहेरचा वडापाववालाही तोच, पण कागदोपत्री तुम्ही युनिव्हर्सिटी बदलताय. एसएनडीटी तर पहिल्यापासूनच वेगळी. त्यामुळे कॉलेजच्या नावावर जाऊ नका, मार्कशीटच्या डोक्यावर कोणत्या युनिव्हर्सिटीचं नाव छापलंय ते वाचा.

डिग्रीचं नावही नीट वाचा. सीईटी आल्यावर बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज असं नाव केलं, आत शिकवतात जवळपास तेच, पण ट्रान्सफरच्या टेबलावर नाव जुळलं नाही की पहिला प्रश्न तिथेच येतो.

आता तिसरं काम, आणि हेच खरं काम आहे. विषय जुळवणं.

नवीन पॅटर्नमध्ये २२ क्रेडिट एका ढिगात नसतात, वेगवेगळ्या टोपल्यांत असतात, ऑफिसात बास्केटच म्हणतात. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुसरा विषय, ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, मग व्हीएससी आणि एसईसी हे स्किलचे, एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली, आणि सीसी ज्यात एनएसएस, एनसीसी, स्पोर्ट्स, कल्चरल येतं. साधारण सेम वनला मेजरची ६, ओईची ४, व्हीएससी २, एसईसी २, एईसी २, व्हीईसी २, आयकेएस २, सीसी २ अशी २२ होतात, आणि सेम टूला आयकेएस जाऊन त्या जागी मायनरची २ येतात. क्रेडिट ट्रान्सफर होताना नुसती बेरीज बघत नाहीत, टोपली बघतात. तुमच्याकडे एकूण ४४ आहेत पण मायनरच्या टोपलीत शून्य, तर मायनर बाकीच.

आमचं काय झालं ते सांगते म्हणजे कळेल. नव्या कॉलेजात इकॉनॉमिक्सच्या एचओडी मॅडमनी तिच्या दोन्ही सेमच्या मार्कशीट आणि सिलॅबसची प्रिंट घेतली, शेजारी स्वतःचा सिलॅबस ठेवला आणि पेन्सिलीने एकेका युनिटवर टिक करत गेल्या. मेजरची १२ च्या १२ मिळाली. पण त्यातही गंमत म्हणजे जुन्या कॉलेजात मॅक्रो आधी होतं आणि मायक्रो सेम टूला, इथे बरोब्बर उलटं. वर्ष पूर्ण झालेलं म्हणून दोन्ही पेपर झालेले होते आणि प्रश्न मिटला. ती डिसेंबरमध्ये आली असती तर मॅक्रो दोनदा शिकली असती आणि मायक्रो कायमचं बाकी राहिलं असतं. म्हणून सांगते, बदलापूरला राहायला गेलात तरी वर्षाच्या मधे बदलू नका, चार महिने मावशीकडे, आत्याकडे, कुठेही काढा पण वर्ष पूर्ण करा.

ओई, व्हीईसी, आयकेएस वर कोणी फार बघितलं नाही, हे विषय कसेही धरतात. एईसी तिची हिंदी होती, इथे मराठी, तेही चाललं. एनएसएसच्या ४ साठी मात्र प्रोग्रॅम ऑफिसरच्या सहीचं पत्र मागितलं, ते जुन्या कॉलेजातून आणावं लागलं. अडलं दोन ठिकाणी. तिचं मायनर सायकॉलॉजी, आणि नव्या कॉलेजात सायकॉलॉजी डिपार्टमेंटच नाही, त्यामुळे ती २ क्रेडिट मायनर म्हणून पुढे चालणार कशी? आणि व्हीएससी, हा मेजरला जोडलेला स्किलचा विषय असतो, तिला एका सेमला जे शिकवलं होतं ते मॅडमच्या मते इकॉनॉमिक्सशी अजिबात संबंध नसलेलं होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं, पोस्टर डिझाइन होतं ते. २ आणि २, गेली ४.

यावर भांडण्यात अर्थ नसतो पण विचारण्यात असतो. मी विचारलं की मायनरची २ ओईत धरता येतील का, मॅडम म्हणाल्या ओई आधीच भरलंय, जास्तीची क्रेडिट म्हणून मार्कशीटला दिसतील, पण १३२ मध्ये नाही. मग हिस्ट्री मायनर घ्यायचं ठरलं, सेम टूचा हिस्ट्रीचा पेपर आणि व्हीएससीचा एक पेपर असे दोन एफवायच्या मुलांबरोबर द्यायचे, एटीकेटीसारखे, फक्त ती नापास झालेली नाही एवढंच.

तर तुम्ही हे जुळवणं कॉलेजात जायच्या आधी स्वतः करा. एका कागदावर तीन रकाने काढा, तुमचा विषय आणि टोपली, त्याची क्रेडिट, आणि नव्या कॉलेजचा त्या जागी असलेला विषय. नव्या कॉलेजचा सिलॅबस त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये असतो, संलग्न असेल तर युनिव्हर्सिटीच्या साइटवर. जिथे तिसरा रकाना रिकामा राहतो तिथे तुमची क्रेडिट अडणार असं समजा. हा कागद बघून मॅडमचा सूरच बदलला, आधी त्या "नंतर या" म्हणत होत्या.

जुन्या कॉलेजच्या सिलॅबसची प्रिंट सही-शिक्क्यासकट घ्या. तुमच्या बॅचचा सिलॅबस घ्या हं, साइटवर बरेचदा पुढच्या वर्षीचा सुधारलेला चढवलेला असतो आणि मार्कशीटवरचं पेपरचं नाव त्यात सापडतच नाही.

एटीकेटी असेल तर? केटी असलेल्या पेपरची क्रेडिट अजून तुमची झालेलीच नाहीत, त्यामुळे ती ट्रान्सफर होण्याचा प्रश्न नाही. काही कॉलेजं केटीवाल्याला घेतच नाहीत, काही घेतात पण ती केटी जुन्या कॉलेजातूनच सोडवायला सांगतात, ऑटोनॉमस असेल तर विशेषच, कारण पेपर त्यांचा. हे पहिल्याच भेटीत उघड सांगा, लपवून काही फायदा नाही, मार्कशीट बोलतेच. आणि ग्रेडचं विचारा, नुसतं क्रेडिट धरणार की ग्रेड पॉइंटही धरणार, कारण शेवटच्या सीजीपीएत फर्स्ट इयर कसं मोजलं जाणार हे त्यावर आहे. आम्ही हे विचारायला विसरलो होतो, तिसऱ्या फेरीत विचारलं.

चौथं, कागदांचा क्रम. इथे उलटसुलट केलं की दोन्हीकडून जातं. जुन्या कॉलेजातून नाव आधी काढू नका! आधी नव्या कॉलेजकडून लेखी घ्या, की एसवायला सीट आहे, आम्ही घ्यायला तयार आहोत आणि इतकी क्रेडिट धरतोय, इतकी बाकी. तोंडी "हो हो होऊन जाईल" म्हणणारा क्लार्क ऑगस्टमध्ये सुट्टीवर असतो. आम्ही मॅडमना सांगून त्या पेन्सिलीच्या कागदाची टाइप केलेली कॉपी करून घेतली, खाली एचओडीची सही, प्रिन्सिपलची सही, आवक-जावक नंबर. तो कागद हातात आल्यावर मग जुन्या कॉलेजात ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट आणि एनओसीचा अर्ज. त्याआधी लायब्ररी, लॅब, जिमखाना सगळीकडे नो ड्यूज. मावसबहिणीचं एक पुस्तक बदलापूरच्या खोक्यांत कुठेतरी पॅक झालेलं, तेवढ्यासाठी एक आठवडा गेला, शेवटी फोर्टच्या फुटपाथवरून सेकंडहँड कॉपी घेऊन जमा केली आणि लायब्ररीवाल्या काकांनी काही न बोलता घेतली.

ओरिजिनल कागद परत मागा. यूजीसीच्या २०१८ च्या पत्रकात स्पष्ट आहे की कॉलेजने विद्यार्थ्याची ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घ्यायची नाहीत. आवाज न चढवता एवढं एक वाक्य म्हटलं की बहुतेक ठिकाणी कपाट उघडतं. दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जात असाल तर मायग्रेशनसाठी युनिव्हर्सिटीकडे अर्ज करायला लागतो, तो रिझल्ट लागल्या लागल्या टाका, आणि मधली पावती जपून ठेवा म्हणजे नवीन कॉलेज तात्पुरता प्रवेश देऊन मायग्रेशन नंतर घेतं का ते विचारता येतं. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, आणि कॉलेजच्या गेटवर नाही, स्टेशनजवळ काढा, निम्म्या पैशात होतात.

पैशांचं. जुन्या कॉलेजात एसवायची फी भरून बसला असाल तर रिफंडचा त्याच २०१८ च्या पत्रकातला हिशोब असा: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं तर १०० टक्के, शेवटच्या १५ दिवसांत काढलं तर ९०, तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८०, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५०, आणि नंतर काही नाही. १०० टक्क्यांतूनही प्रोसेसिंगचे म्हणून थोडे कापता येतात, पण फीच्या ५ टक्के आणि तेही ५,००० च्या वर नाही. यूजीसी कधी कधी त्या वर्षापुरत्या सवलतीच्या तारखा काढते, त्या बघून घ्या. स्कॉलरशिपवाल्यांनी महाडीबीटीच्या फॉर्मबद्दल दोन्ही कॉलेजांच्या क्लार्कना सांगा, एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळतं असा समज करून घेऊ नका. रेल्वेचं कन्सेशन पण नव्या आयकार्डशिवाय मिळत नाही, त्यामुळे पहिला महिना पूर्ण भाड्याचा पास धरून चाला.

बाकी राहिलेल्या क्रेडिटचं काय करायचं, त्यात स्वयम्‌ हा एक रस्ता आहे. सरकारी ऑनलाइन कोर्स, शिकायला फुकट, परीक्षेला फी, आणि यूजीसीच्या २०२१ च्या नियमाने एका सेमच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घेता येतात. पण आधी कोर्सचं नाव कॉलेजला दाखवून लेखी होकार घ्या, मग नोंदणी करा. आमच्याकडे मॅडमनी व्हीएससीसाठी नाही म्हटलं, त्यांना पेपर वर्गातच द्यायला हवा होता. ओईसाठी चालतं म्हणाल्या. कॉलेजागणिक वेगळं आहे हे.

आणि अ‍ॅडमिशन झाली म्हणजे संपलं नाही. सेम थ्रीचा रिझल्ट लागल्यावर डिजीलॉकर परत उघडा. जुन्या कॉलेजची क्रेडिट आणि नव्या कॉलेजची क्रेडिट एकाच आयडीखाली दिसली पाहिजेत. दोन आयडी निघालेले असतील, एक शाळा-ज्युनियर कॉलेजात कोणीतरी काढून दिलेला आणि एक तुम्ही काढलेला, तर तेव्हा कळतं आणि तेव्हाच कॉलेजच्या एबीसीच्या नोडल ऑफिसरला सांगायचं. मावसबहिणीची सेम टूची क्रेडिट नावाचं स्पेलिंग दुरुस्त केल्यावर दिवाळीच्या आसपास दिसायला लागली. हिस्ट्रीचा पेपर तिने मार्चमध्ये एफवायच्या मुलांबरोबर दिला, व्हीएससीचा अजून बाकी आहे, त्याचं टाइमटेबल तिच्या एका रेग्युलर पेपरच्याच वेळेला लागलं होतं आणि आता पुढच्या वर्षी.